गजेंद्रमामाजींच्या मागची रांग

सिंदी रेल्वेच्या गजेंद्रमामाजींना आपल्या पाहुणचाराचा फार अभिमान. आपल्या दारातून कोणी उपाशी गेला असेल तर आणून दाखवा, असं ते छातीवर हात ठेवून सांगत. त्यामुळे त्या रविवारी जे झालं, त्याचा दोष पाहुण्यांना देता येत नाही.

सुरुवात पायापासून झाली. कापसाच्या ढिगावरून मामाजी घसरले आणि दीड महिना प्लास्टरमध्ये अडकले. हिंडता-फिरता शेतकरी पलंगावर पडला की त्याला घरातलं सगळं दिसायला लागतं. भाजीत तेल किती, फडताळाचं दार कोणी उघडं टाकलं, मांजर दिवसातून किती वेळा आलं. आठव्या दिवशी त्यांच्या पत्नीने, कौशल्याबाईंनी, वर्ध्याला भाचीला फोन लावला. "मयुरी, तुह्या मामाजीले कायच्यात तरी गुंतव, बाई. नाई तं मीच पलंग धरतो."

मयुरीने आपला जुना लॅपटॉप आणला. त्यात ट्रक चालवायचा गेम होता. लोक त्यात ट्रक उडवतात, पुलावरून नदीत घालतात. मामाजींनी तसलं काही केलं नाही. चाळीसच्या वर वेग नेला नाही. लाल दिवा दिसला की थांबले, मग रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी. वळायच्या अर्धा मैल आधी इंडिकेटर. मागून कोणी हॉर्न वाजवला तर म्हणायचे, "जा बाबू, तुले घाई हाये. मले कुठी जाचं हाये?" आणि वाटेत दिसेल त्या शेताबद्दल बोलत राहायचे. इथं तूर चांगली आली असती, इथं पाणी तुंबत असेल.

मयुरीने गंमत म्हणून त्याचा व्हिडिओ टाकला. पहिल्या आठवड्यात अकरा जणांनी पाहिला, त्यातले आठ नातेवाईक. पण नातेवाइकांनी कुठे कुठे पाठवला कोण जाणे, महिन्याभरात आकडा चाळीस हजारांवर गेला. परीक्षेने घाबरलेली मुलं पाहायची, दवाखान्यातल्या नर्स पाहायच्या. डोकं शांत होतं म्हणायच्या. मग मयुरीने त्यांचा खेळ लाइव्ह दाखवायला सुरुवात केली, तसे गेममध्येच लोक आपापले ट्रक घेऊन त्यांच्या मागे यायला लागले. आधी दहा, मग तीस, मग सत्तर. एकामागे एक, कोणी कोणाला ओलांडायचं नाही. त्यांनी स्वतःला 'रांगवाले' असं नाव दिलं. मध्ये घुसणाऱ्याला कोणी शिव्या देत नसे. "भाऊ, मागून या," एवढंच लिहीत.

लाइव्ह संपताना मामाजी सवयीने म्हणायचे, "येजा मंग घरी जेवाले." प्लास्टर निघाल्यावर रजत नावाच्या एका रांगवाल्याने लिहिलं, "मामाजी, या रविवारी खरंच येऊ का?" मामाजी म्हणाले, "येजा ना. सारेच येजा. वावरात रोडगे हायेत."

गोवरीवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांसाठी लातूर-चंद्रपूरहून कोण येतं, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी घरात हे सांगितलंही नाही.

रविवारी घरचे अकरा जण वावरात गेले. ऐंशी ओलांडलेले वडील, नानाजी, तेवढे घरी राहिले. मामाजींचा फोनही घरीच राहिला, आतल्या खोलीत आवाज बंद करून चार्जिंगला.

तिकडे जाम गावाच्या चौकात सकाळपासून गाड्या जमत होत्या. रजत गेममध्येच नाही, खरोखरच ट्रक चालवणारा होता. त्याची गाडी सगळ्यात पुढे. मामाजींना भेट म्हणून त्यांचा मोठा फोटो फ्रेम करून आणला होता. तो ट्रकच्या पुढे बांधला आणि शोभेला वर झेंडूचा हार घातला. मग सत्तर गाड्या दिवे लावून, चाळीसच्या वेगाने, हॉर्न न वाजवता सिंदीकडे निघाल्या.

आता ही अशी मिरवणूक गावात शिरून पानठेल्यावर हळू आवाजात विचारते की गजेंद्रमामाजींचं वावर कुठं आहे, तेव्हा पानठेलेवाल्याने काय समजावं? त्याने फोटो पाहिला, हार पाहिला, टोपी काढली आणि ठेला बंद केला.

वावरात कौशल्याबाईंनी धुळीची रांग येताना पाहिली. गाड्या थांबत राहिल्या, माणसं उतरत राहिली, आणि प्रत्येक जण येऊन मामाजींच्या पाया पडत राहिला. रजतने फोटोवरचा हार काढून त्यांच्या गळ्यात घातला. आपल्याला जेवायला बोलावलंय, हे एका मुलीने हसत सांगितलं. कौशल्याबाईंनी परातीकडे पाहिलं. कणीक अकरा जणांची होती.

"किती जनायले बोलावलं तुम्ही?"

"सारेच येजा, असं म्हनलो होतो," मामाजी पायाकडे पाहत म्हणाले. पाय पुन्हा मोडला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

तेवढ्यात दुसरी रांग आली. ही गावाची होती. पुढच्या मोटारसायकलवर मागे नानाजी बसले होते, धोतर आवळून धरलेलं, डोळे लाल. त्यांना उतरवलं तेव्हा समोर मुलगा उभा होता, गळ्यात हार घालून, पण स्वतःच्या पायांवर. नानाजींनी जवळ येऊन त्याच्या गालावरून हात फिरवला. मग दुसऱ्या गालावरून.

"मेला नाई तं फोन काऊन नाई उचलला?" ते म्हणाले, आणि तिथेच बांधावर बसले. मामाजी त्यांच्या बाजूला बसले.

गावकरी मात्र अडचणीत सापडले. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारपाजारच्या बायांनी घाईघाईने पिठलं-भाकरी केली होती. टोपली-टोपली भाकरी, गंजभर पिठलं. मेलेल्या माणसासाठी केलेलं अन्न जिवंत माणसासमोर कसं ठेवावं, हे कोणाला सुचेना. कौशल्याबाईंनी पदर खोचला आणि पंगत मांडा म्हणाल्या. गावकऱ्यांना रोडगे, रांगवाल्यांना पिठलं-भाकरी, जे ज्याला पुरेल ते. वाढायला ट्रकवाले आणि नर्सबाया. मामाजींनी स्वतःच्या सुतकाच्या दोन भाकरी खाल्ल्या आणि पिठलं मागून घेतलं. कोणी उपाशी गेलं नाही.

निघताना रजतने ट्रकची किल्ली दोन्ही हातांनी पुढे केली. वीस वर्षं गाडी चालवतोय, पण सावकाश चालवायला तुमच्याकडून शिकलो, म्हणाला. एक चक्कर मामाजींनी मारावी, रांग मागे येईल. सत्तर मोबाइल वर झाले. नानाजीही उठून पाहायला लागले.

मामाजींनी किल्ली हातात घेतली, उलटसुलट केली, आणि परत दिली.

"बापू," ते हळूच म्हणाले, "मले फक्त सायकल येते."

सत्तर मोबाइल एकेक करून खाली आले. चुलीपाशी भांडी आवरत असलेल्या कौशल्याबाईंनी मान वर न करता सांगितलं, "अन् तिच्यावर बी मांगंच बसतेत."