अठरा अ‍ॅडमिन

दिल्लीहून शिकून आलेल्या विवेकनं ठरवलं, बोरीच्या आसपासच्या वस्त्यांवरल्या अठरा पोरांना व्हॉट्सअ‍ॅपवर गणित शिकवायचं. वडील व्यंकटराव, निवृत्त कारकून, शांतपणे म्हणाले, "रविवारी पाचला परीक्षा घेऊन दाखव. झाली तर राहा गावात. न्हाई तर सोमवारी पुण्याची नोकरी धर."

घरातलं वडीलमाणूस म्हणून विवेकनं वडिलांच्याच फोनवरून ग्रुप काढला. मग स्वतःलाही अ‍ॅडमिन केलं. पण फोन पोरांचे नव्हते, बापांचे होते; तेव्हा वर्गात अठरा बापच येऊन बसले. एकानं 'राम राम' घातला की बाकीच्या सतरांनी उलट घालायचा, ही रीतच. पहिलं समीकरण त्या राम रामांखाली आणि एका म्हशीच्या फोटोखाली गाडलं गेलं. वैतागून विवेकनं फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय केली. (दिल्लीत याला शिस्त म्हणत.)

अर्ध्या तासात सूर्यभानकाका दारात हजर.

"आमचं तोंड बांधलं म्हणं तुमी?"

"तसं नाही काका, पोरांच्या अभ्यासासाठी..."

"मंग व्यंकटराव कसे लिव्हायलेत?"

"ते अ‍ॅडमिन आहेत."

"आन् आमी कोण हाव?"

विवेकनं त्यांनाही अ‍ॅडमिन केलं. संध्याकाळी नागनाथकाका आले. "सूर्यभानला टावेल-टोपी आन् आमाला नुसता चहा व्हय?" शनिवारपर्यंत अठराही बाप अ‍ॅडमिन झाले आणि राम राम पुन्हा सुरू झाला.

रविवारी पाचला दहा कमी. प्रश्नपत्रिका तयार, आणि ग्रुपवर कुणाच्या बोअरला किती पाणी लागलं याचा वाद पेटलेला. विवेकनं लिहिलं, 'आता सर्वांनी गप्प बसावं.'

पुढच्याच क्षणी तो ग्रुपबाहेर होता.

तो ओसरीवर धावला. "अण्णा, मला कुणी काढलं?"

"मीच," व्यंकटराव चष्म्यावरून म्हणाले. "मोठ्या माणसांना गप्प बसा म्हणतोस. सूर्यभान काढायलाच निघाला होता. परक्यानं काढण्यापरीस बापानं काढलेलं बरं दिसतं."

"अहो, पेपर माझ्याकडंय. पाच मिनिटं राहिलीत."

"मला पाठव."

व्यंकटरावांनी पेपर टाकला आणि खाली एका बोटानं लिहिलं, 'पोरांनो, सोडवा. बाकीच्यांनी सहापर्यंत राम राम घालू नये.'

कुणीही घातला नाही. सहाला उत्तरपत्रिकांचे अठरा फोटो आले.

विवेकचा ऊर भरून आला. "अण्णा, झाली परीक्षा. आता मी गावातच राहणार."

"झाली की," व्यंकटराव पहिली उत्तरपत्रिका तपासत म्हणाले. "आन् तुझ्याबिगर झाली. आता बिनघोर जा पुण्याला."