घर सोडून निघालेलं वॉशिंग मशीन

माझ्यासारखी नजर शतकात एखाद्यालाच लाभते, आणि या शतकात ती मला लाभली, हे मी अत्यंत नम्रपणे कबूल करतो. माणसाच्या चपला पाहून मी त्याच्या सासऱ्याचा स्वभाव सांगू शकतो. आजवर कोणी विचारलेला नाही, तो भाग वेगळा. विमा कंपनीने माझ्या टेबलावर ‘पाहणी अधिकारी’ अशी पाटी लावली आहे, कारण ‘गुप्तहेर’ लिहिलं तर गुप्त काय राहणार? लोकांचे फ्रिज, गिझर, मिक्सर बंद पडतात, लोक भरपाई मागतात, आणि यंत्र आपल्या मरणाने मेलं की कोणी मारलं, हे मी जाऊन शोधतो.

त्या दिवशीचं प्रकरण एका निवृत्त हेडमास्तरांच्या घरचं होतं. जिना चढून गेलो तर दाराबाहेर एक भंगारवाला मांडीवर तराजू घेऊन बसलेला. हा पाळतीवर आहे, हे मी तत्काळ ओळखलं. त्याने मात्र सांगितलं की बाईंनीच बोलावलंय आणि निकाल लागेपर्यंत थांबायला सांगितलंय.

निकाल माझा होता. आत गेल्यावर बाईंनी, म्हणजे हेडमास्तरांच्या पत्नीने, पाणीही न विचारता फिर्याद मांडली. वॉशिंग मशीन इतकी वर्षं गरीब गाईसारखं होतं. पण गेल्या आठवड्यापासून ते कपडे पिळायला लागलं की थरथरतं, उड्या मारतं आणि न्हाणीघरातून निघून थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत चालत येतं. आता हेडमास्तरांनी निवृत्त झाल्यावर हत्यारांची एक पेटी घेतली होती. त्या पेटीची कृपा झाल्यापासून वेळ विचारायला शेजारी जावं लागत होतं आणि इस्त्री फक्त दिसायला इस्त्री उरली होती.

“मशीन आपोआप बिघडलं असेल तर कंपनी दुरुस्त करून देईल ना?” बाईंनी विचारलं.

“देईल.”

“आणि ह्यांनी खोललं असेल तर?”

“तर कंपनी हात वर करील. घरच्या माणसाने खोललेल्या यंत्राला विमा लागू नाही.”

“मग पेटी आजच भंगारात.”

हेडमास्तरांनी पेटी पोटाशी घट्ट धरली. ज्याच्या नुसत्या खाकरण्याने अख्खी शाळा गप्प व्हायची, तो माणूस पुटपुटला, “मी हात लावलेला नाही हो.” मला त्यांची फार दया आली. पण गुप्तहेराने दयेला भुलू नये, म्हणून मी त्यांच्यावरचा संशय दुप्पट केला.

भिंग काढून मी मशीनभोवती एक फेरी मारली आणि साबणाच्या पाण्यावरून घसरलो. पडल्या पडल्या मला पहिला सिद्धांत सुचला. खालच्या मजल्यावरचा शेजारी काठीने छत ठोकत असणार. मी धावत खाली गेलो. दाराला कुलूप होतं, आणि कुलपावर धूळ. शेजारी महिनाभर गावाला गेलाय, असं भंगारवाल्याने जिन्यातूनच सांगितलं. घरात नसताना छत ठोकणारा माणूस किती धूर्त असेल, या विचाराने मी थक्क झालो.

दुसरा सिद्धांत असा की आत काहीतरी जिवंत आहे. खात्री करायला मी मशीनच्या तोंडात डोकं घातलं. आत काही नव्हतं, पण डोकं बाहेर येईना. “खोलू का?” हेडमास्तरांचा आनंदी आवाज आला आणि पेटीची कडी वाजली. “हात लावायचा नाही,” बाई म्हणाल्या आणि माझ्या दोन्ही कानांना तेल चोळून त्यांनी मला मोकळं केलं.

आता मशीनची नाडी पाहणं भाग होतं. मी त्याच्यावर चढून बसलो आणि बटण दाबायला सांगितलं. मशीनने आधी सौम्य गुरगुर केली, मग कपडे पिळायला घेतले, आणि मी स्वार होऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर दाखल झालो. बाई कांदा चिरत होत्या. त्यांनी विळी बाजूला सरकवून मला वाट करून दिली.

उतरल्यावर मी जड आवाजात म्हणालो की आता एकच संशयित उरतो, तेव्हा पॉलिसी आणा, शेवटचं कलम मोठ्याने वाचून दाखवतो. हेडमास्तरांनी पेटी खाली ठेवली, कपाट उघडलं आणि पॉलिसी आणून दिली. ती घडीवर घडी घालून विटेसारखी झाली होती. मधोमध गंजाचा गोल डाग, आणि साबणाचा वास. कागदावर साबण म्हणजे पुरावा धुण्याचा प्रयत्न, हे मी बोलणार तोच बाईंनी ती माझ्या हातातून घेतली.

“अहो, ही तर मशीनच्या पायाखालची. मशीन आलं त्या दिवशी एक पाय अधांतरी होता, म्हणून मीच सारली होती. ही कोणी काढली?”

“मी,” हेडमास्तर म्हणाले. “कंपनीतून फोन आला होता. पॉलिसी कुठेही टाकू नका, कपाटात जपून ठेवा, म्हणून चांगलं खडसावलं मला.”

मशीन जागेवर नेलं, मी एक बाजू उचलली, बाईंनी पॉलिसी पायाखाली सारली आणि बटण दाबलं. मशीन कपडे पिळत राहिलं आणि जागचं हललं नाही.

“म्हणजे शेवटी केलं ह्यांनीच,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी भंगारवाल्याला हाक मारली. तो तराजू घेऊन आत आला. हेडमास्तरांनी पेटीतला एक छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, धोतराला पुसला आणि परत जागेवर ठेवला. ते पाहून मला राहवलं नाही.

“फोनवरचा आवाज कसा होता?” मी विचारलं.

“फार अधिकारवाणीचा.”

“माझा होता,” मी म्हणालो. “साहेबांनी सांगितलं नव्हतं. मीच आपणहोऊन सगळ्या ग्राहकांना दरडावलं. दोष ह्यांचा नाही, पेटीचा तर नाहीच.” इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरा गुन्हेगार माझ्या हाती लागला होता, आणि मला अतिशय लाज वाटत होती.

बाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग पेटी उचलून नवऱ्याच्या हातात दिली आणि माझ्यासाठी चहा टाकला.

हेडमास्तरांचा आनंद घरात मावेना. ते पेटी घेऊन मला पोचवायला खाली आले आणि म्हणाले की तुमची स्कूटर येताना जरा खरखरत होती. ज्या पेटीसाठी मी माझी अब्रू घालवली, तिच्यावर अविश्वास कसा दाखवणार? मी हो म्हणालो. बऱ्याच वेळाने त्यांनी हात पुसले, उरलेले स्क्रू माझ्या खिशात घातले आणि एवढ्यांची गरजच नसते असं सांगितलं.

मी स्कूटर ढकलत घरी निघालो. भंगारवाला खांद्यावर तराजू टाकून मागोमाग येत होता. मी थांबलो की तोही थांबत होता.