नामदेवची भूक

नामदेव वारला, पण त्याची भूक घरातच राहिली. शहरात नियमच तसा आहे. माणूस जातो, भूक मागे राहते, आणि तेरावं उरकलं की वॉर्ड ऑफिसचा माणूस येऊन ती मुलांच्या नावावर करतो. म्हणून तर इथे मोठ्यांची भूक दरवर्षी घटते आणि पोरांची वाढते.

नामदेवला एकच मुलगी, पाच वर्षांची तनू. वॉर्ड ऑफिसचे कुलथे साहेब आले तेव्हा नामदेवचा धाकटा भाऊ दिगंबर दारात आडवा उभा राहिला. रडून रडून त्याचा आवाज बसला होता.

"तिच्या नावावर नाही करायची. माझ्या करा."

"भावाला मिळत नाही. सगळेच भाऊ मागायला लागले, तर पोरांना काय उरेल?"

"काही उरायलाच नको!"

"दिगूभावजी, साहेबांशी नीट बोला," वहिनी आतून म्हणाली.

कुलथेंनी मोजायला मान वर केली. मग आणखी वर केली. भूक छपराचा पत्रा उचलून बाहेर गेली होती. ते गल्लीत आले. समोरच्या टॉवरच्याही वर ती शांत उभी होती. कुलथेंनी चपला काढल्या.

"ही एकट्याची नाही. यात गल्लीतल्या पोरांची आहे."

"हे आपला डबा त्यांना वाटायचे," वहिनी म्हणाली. "मला सांगायचे, कामावर जेवलो."

दिगंबर वर बघत राहिला. ज्या दादाच्या पाठीवर बसून तो जत्रेला गेला होता, तो एवढा उंच होता, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"पोरांची उचललेली भूक मागेल त्याला द्यावी लागते," कुलथे हळू आवाजात म्हणाले. "आजवर कुणी मागितली नाही."

"मी मागतोय ना मघापासून!"

"मग बसा. जेवलात का?"

"नाही."

"जेवायला हवं होतं."

भूक त्याच्यात उतरायला संध्याकाळ झाली. पत्रा पुन्हा भिंतीवर टेकला.

वहिनीने तनूला वाढलं. तनूने अर्धी चपाती ताटात ठेवली.

"नको. पोट भरलं."

दारातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"दार जरा रुंद करून घ्या," कुलथे जाता जाता म्हणाले. "यांना आता ये-जा करायला अडचण होईल."

दिगंबरने ती अर्धी चपाती उचलली, आणि वहिनी पुन्हा कणीक मळायला बसली.