इंजिनाला रंगाचे दोन हात

"आई, मी भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय. मंगळवारी इकडे आरटीओत गाडी पासिंगला फेल झाली की तो तिथूनच उचलून नेईल," लातूरहून भारत फोनवर म्हणाला.

"'फेल झाली की' न्हाई, 'फेल झाली तर' म्हण," शिवकन्याबाईंनी लेकाला सुनावलं आणि फोन ठेवून दिला.

बाईंचा राग रास्त होता. उदगीरचं घर नवऱ्याच्या नावावर, शेत दिरांच्या नावावर. बाईंच्या स्वतःच्या नावावर जगात एकच मोठी वस्तू होती, ती म्हणजे ही बाहत्तर सालची, गोल दिव्यांची गाडी. शाळेत विज्ञान शिकवत असताना बदलून चाललेल्या एका डॉक्टरांकडून त्यांनी ती घेतली होती. गल्लीतल्या बायका तेव्हा सायकललाही हात लावत नसत. पहिल्याच आठवड्यात दोन कोंबड्या आणि शेजाऱ्यांचा ओटा बाईंच्या वाटेत आला, पण त्यांनी माघार घेतली नाही. तसा तेव्हा रिव्हर्स गिअर पडतच नव्हता.

त्यांचे यजमान ग्यानोबाराव गाडी चालवायला कधी शिकले नाहीत. ते शेजारच्या सीटवर बसत आणि विचारलं तर "हाव" म्हणत. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी दुसरं काही उत्तर दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

तर शनिवारी बाईंनी फाटकाला आणून उरलेला पोपटी ऑइलपेंट काढला. बॉनेट उघडताच तपासणीच्या साहेबाचे डोळे दिपले पाहिजेत, असा त्यांचा बेत होता. इंजिनभोवतीचा सगळा पत्रा त्यांनी रंगवला. वरवरचं काम त्यांना मुळात मान्य नाही. एकेक बोल्ट काढला, त्याच्या खालून रंग दिला, रंग वाळू दिला आणि बोल्ट परत आवळला. ग्यानोबारावांनी फक्त डबा धरला.

रविवारी सकाळी चावी फिरवली तर स्टार्टर कण्हला. इंजिन लागलं खरं, पण खोकत, आचके देत. गाडी जागच्या जागी अशी थरथरायला लागली की शेजारच्या रत्नम्मा दार उघडून विचारून गेल्या, "बोअर पाडून राहिले का?"

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या ईश्वरप्पाला बोलावणं गेलं. ईश्वरप्पा बाईंचाच विद्यार्थी. आठवीची दोन वर्षं त्यानं त्यांच्या हाताखाली काढली होती, आणि आता चाळिशी आली तरी त्यांच्याशी थेट बोलताना त्याची जीभ टाळूला चिकटे. म्हणून गाडीचं सगळं तो ग्यानोबारावांशी बोले.

त्यानं प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि स्टार्टर मारायला सांगितलं. निळी ठिणगी तडकायला हवी होती, ती पिवळट, मरतुकडी पडली.

"सर, करंट लई वीक हाय. प्लग बदलू का?"

"हाव."

"पॉइंट अन् कंडेन्सरबी टाकून घिऊ?"

"हाव."

"कॉइल?"

"ह्यांना काय विचारून राहिलास?" बाई कडाडल्या. "गाडी माझी हाय!"

"हाव," ग्यानोबाराव म्हणाले.

दुपारपर्यंत प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल सगळं नवं पडलं. ठिणगी मात्र पिवळीच राहिली. शेवटी ईश्वरप्पानं बॅटरी बदलायला घेतली. ती बसवताना आजूबाजूचे चार बोल्ट त्यानं सैल करून आवळले, त्यात पान्हा दोन-तीनदा निसटला आणि पत्र्यावरचा रंग खरवडला गेला. चावी फिरवली आणि काय आश्चर्य! इंजिन मांजरागत गुरगुरायला लागलं.

"बॅटरीच होती सर!" ईश्वरप्पा आनंदानं ओरडला. सगळ्यांनी चहा घेतला.

संध्याकाळी बाईंनी बॉनेट उघडून पाहिलं. पोपटी पत्र्यावर हे एवढाले ओरखडे! त्यांनी पुन्हा ब्रश काढला, पुन्हा सगळे बोल्ट काढले आणि रंगाचा दुसरा हात दिला. पहिल्यापेक्षा जाड दिला.

सोमवारी गाडी पुन्हा खोकली. ईश्वरप्पा कपाळाला हात लावून पायरीवर बसला. त्यानं जुनी कॉइल परत लावली, नवी परत लावली, पॉइंटमधलं अंतर तीनदा मोजलं. तेवढ्यात भारतचा फोन आला. "आई, मी ट्रकवर चढवून आणायची सोय करू का?"

"मी चालवत आणणार," बाई म्हणाल्या. "ढकलत आणावी लागली तरी चालवतच आणणार!"

मंगळवारी सकाळी सातला गाडी आचके देत निघाली. पुढे बाई आणि ग्यानोबाराव, मागे हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन ईश्वरप्पा. नळेगाव जवळ आलं आणि गाडीनं एक मोठा आचका देऊन मान टाकली. मागून येणारा ट्रॅक्टरवाला थांबला.

"काकू, टोचन लावू का?"

"तुझा ट्रॅक्टर बंद पडला तर सांग," बाई म्हणाल्या, "मी ओढून नेते!"

तो हसत गेला. बाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं. तपासणीला अकराची वेळ होती. ती हुकली तर भंगारवाला लातूरला तपासणीच्या मैदानातच उभा होता. त्यांनी दात आवळून स्टार्टर मारायला सुरुवात केली.

"सर, चोक ओढा जरा," मागून ईश्वरप्पा म्हणाला.

ग्यानोबारावांनी चोकच्या बटणाला हात लावला आणि ते जवळजवळ सीटवरच उभे राहिले. "आई गं! पोळलो!"

बत्तीस वर्षांनी दुसरा शब्द ऐकून बाई दचकल्या. ईश्वरप्पा त्याच्याही पुढे गेला. तो पेटी टाकून खालीच उतरला.

"चोकची तार कशी तापंल? तिच्यात करंटचं काय काम?" तो स्वतःशीच बोलत बॉनेटमध्ये शिरला. "परतीचा रस्ता बंद झाला असंल, म्हणून तो ह्या बारक्या तारेतून चोरवाटेनं जाऊन राहिला. स्टार्टरला करंट न्हाई, ठिणगीला करंट न्हाई. अर्थिंग, बाई, अर्थिंग!"

उत्साहाच्या भरात तो बाईंशी थेट बोलला होता. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची जाड पट्टी त्यानं सोडवली. तिच्याखाली चकचकीत पोपटी रंग होता. सुरीनं तो खरवडला, तर त्याच्याखाली अजून एक पोपटी थर निघाला.

"अय्यो! बाई, तुमीच शिकवलं होतं आमाला. रंगातून करंट जात न्हाई. हे एक उत्तर चुकलं म्हणून मला दुसऱ्यांदा आठवीत बसवलं तुमी! असलं कुणी केलं हे?"

शिवकन्याबाईंनी आयुष्यात कुणाला भीक घातली नव्हती. शिक्षणाधिकाऱ्यांना त्यांनी भर सभेत खाली बसवलं होतं. पण ईश्वरप्पाच्या त्या भाबड्या, ऑइलनं काळ्याकुट्ट झालेल्या तोंडाकडे बघून त्यांनी बोट नवऱ्याकडे केलं.

"ह्यांनी," त्या म्हणाल्या.

"हाव," ग्यानोबाराव म्हणाले.

बाईंना लाज वाटली. खूप वाटली. पण लाजत बसायला वेळ नव्हता. पट्टी आवळली, चावी फिरवली आणि गाडी एका झटक्यात लागली. लातूर येईपर्यंत तिनं एकदाही खोकल्याचं नाव काढलं नाही.

मैदानात भारत भंगारवाल्याला घेऊन हजर होता. साहेबानं ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, हॉर्न वाजवला, एक चक्कर मारली. मग बॉनेट उघडलं आणि तो उभाच राहिला.

"वा! एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन असं? बोल्टच्या खालून पण रंग? कुणी केलं हे?"

बाईंनी तोंड उघडलं, पण ईश्वरप्पा पुढे झाला. "आमच्या सरांनी, साहेब. सोताच्या हातानं."

"हाव," ग्यानोबाराव म्हणाले.

साहेबानं फोटो काढला आणि कागदावर ठप्पा मारला. भारत बापाकडे बघतच राहिला.

"बाबा, तुमची एवढी हौस असंल असं वाटलंच न्हाई मला. मी आपला आईचाच हट्ट समजून राहिलो. आता ही गाडी भंगारात कशी देऊ?" त्यानं भंगारवाल्याला हात जोडून वाटेला लावलं.

आता मात्र बाईंचा संयम संपला. तीस वर्षं जग अंगावर घेऊन गाडी चालवली त्यांनी, आणि गाडी वाचली ती ह्यांच्या हौसेपायी?

"ऐका सगळे!" त्या गरजल्या. "रंग मी दिला. दोन्ही हात मीच दिले. गाडी बंद पडली तीबी माझ्याचमुळं!"

मग ईश्वरप्पा हळूच म्हणाला, "बाई, सरांची चूक कशाला आपल्या अंगावर घेता? तुमी विज्ञानाच्या बाई. तुमी अर्थिंग रंगवाल व्हय?"

"मोठं मन आहे तुमचं," साहेब म्हणाला.

"अहो, सांगा की ह्यांना, कुणी रंगवली ते!" बाई नवऱ्यावर ओरडल्या.

ग्यानोबारावांनी शांतपणे विचार केला. "नळेगावात तू मी रंगवली म्हणालीस," ते म्हणाले. "मग मीच की."

बाईंनी धाडकन दार लावलं, चावी फिरवली. गाडी पहिल्याच झटक्याला लागली. ग्यानोबाराव शेजारी येऊन नीट बसले, त्यांनी खिडकीची काच खाली केली, आणि गाडी मैदानाच्या फाटकाबाहेर पडता पडता म्हणाले,

"हळू चालव. रंगाला चरे पडतील."