मागं माणूस हाय

आमच्या गल्लीत कोण घराबाहेर गेलंय, हे मेजरांच्या ट्रॅक्टरवरून कळतं. त्यांच्या बायको मालनवहिनी गिरणीला निघाल्या की मेजर दारातला ट्रॅक्टर चालू करतात आणि त्या दळण घेऊन उंबऱ्यात येईपर्यंत धडधडत ठेवतात. वहिनींना लाज वाटते. माझी दुपारची झोप तर कायमचीच गेली. तक्रार केली की उत्तर ठरलेलं, "मागं माणूस हाय."

मेजर फौजेत कधीच मेजर नव्हते. डोंगरातल्या लढाईत गाड्या चालवायचे, बिघडल्या की दुरुस्त करायचे. पण पेन्शन घेऊन गडमुडशिंगीत उतरलेला प्रत्येक जण आमच्यात मेजरच असतो. आता थोडा ऊस आणि गावभरची इंजिनं सांभाळतात. पुतणीच्या लग्नात नवरदेवाचा मामा पान खायला गेला, तर यांनी मांडवाबाहेर ट्रॅक्टर चालू ठेवला. मंगलाष्टका कुणालाच ऐकू आल्या नाहीत, अक्षता आम्ही अंदाजानं टाकल्या. मामा परत आला तरी इंजिन चालूच. सगळे आल्यावरही थोडा वेळ ते बंद करायचं नाही, ही आणखी एक खोड. डिझेल फुकट येतं काय, असं मी त्यांना तोंडावर विचारलंय.

गेल्या पावसाळ्यात नदी भलतीच झपाट्यानं चढली. काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारी मेजरांच्या ट्रॅक्टरला दोर बांधून आम्ही वर ओढल्या. शेवटची आमची होती. ती वर आली आणि माझा धाकटा भाऊ संजू स्टार्टरची पेटी सोडवायला परत उसात शिरला. तेवढ्यात पाणी उसात घुसलं. डोक्याच्या वर ऊस, खाली गढूळ पाणी, आत माणसाला चारी बाजू सारख्याच. मी हाका मारल्या, घसा बसला. ओ आली नाही.

पाणी ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना लागलं. ट्रॅक्टर काढा, वाहून जाईल, असं सगळे ओरडत मागं सरकले. मेजर मात्र पाना घेऊन खाली उतरले. टॉवेल हाताला गुंडाळून त्यांनी तापलेला सायलेन्सर सोडवला, फेकला आणि वर चढून इंजिन फुल्ल केलं. कानठळ्या बसल्या. पाणी चाकावर चढत होतं. मेजर उसाकडं बघत बसले होते, मी देवाला हात जोडत होतो.

बऱ्याच वेळानं ऊस हलला. संजू छातीभर पाण्यातून बाहेर आला, डोक्यावर पेटी तशीच. "आवाजावर आलो," एवढंच म्हणाला. मी त्याला धरून रडलो.

मेजरांनी आम्हाला सडकेवर आणून सोडलं. संजूला लोकांनी घरी नेलं. सडकेवर आम्ही दोघंच उरलो आणि ट्रॅक्टर तसाच गरजत होता.

मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "मेजर, आले की सगळे. बंद करा आता."

ते नदीकडं बघतच म्हणाले, "तिकडं बर्फात आमचा जोडीदार मागं राहिलाता. धुकं हे एवढं. माझ्या इंजिनाच्या आवाजावर येत हुता त्यो. सायेब म्हनला, आवाज दुश्मनाला जातोय, बंद कर. केलं मी बंद."

"मग?"

"मग काय. न्हाई आला."

मी डिझेलचा काटा बघितला. अजून थोडं होतं. मडगार्डवर चढून त्यांच्या शेजारी बसलो.