दहा शब्दांची मोहीम

जुळे सोलापुरातील एका दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर, स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीच्या डाव्या बटणावर तांबडी चिकटपट्टी लावलेली आहे. लांबी अडीच सेंटिमीटर, रुंदी एक, आणि तिचे एक टोक वाफेने सुटून वर आले आहे. थोरांचे वृत्तांत किल्ल्यापासून आरंभ होतात, हा पट्टीपासून होतो. कळले पाहिजे की, ही पट्टी मातुश्री लीलाबाई यांनी स्वहस्ते चिकटविली, आणि तिचा अर्थ असा की, हे बटण यजमानांनी फिरवू नये. कारण ज्येष्ठापासून तीन वेळा ऐसे जाहले की, यजमानांनी दूध तापत ठेविले, आणि मग ते पेपर वाचावयास बसले, आणि मग दूध उतू जाऊन ज्योत विझली, आणि मग गॅस घरभर मोकळा फिरला.

यजमान म्हणजे राजमान्य राजश्री वेणीमाधवपंत, वय वर्षे शहात्तर. हायस्कुलात चौतीस वर्षे गणित आणि विज्ञान या दोन सुभ्यांचा कारभार करून निवृत्त जाहलेले. पायथागोरसचा सिद्धांत झोपेतून उठविले तरी मांडतील, ऐसा लौकिक होता, आणि तो आजही खरा होता. परंतु सकाळचे जेवण जाहले किंवा कसे, या प्रमेयात अलीकडे चूक होई. आषाढात एके दिवशी कोथिंबीर आणावयास स्कूटरवर स्वार होऊन निघाले ते होटगी नाक्यापाशी सापडले, आणि विचारता म्हणाले की, मुलुखाची पाहणी करीत होतो.

लीलाबाई, वय एकाहत्तर, यांनी अठरा महिन्यांपूर्वी हुजुरांत अर्ज गुदरला होता की, स्मरणाचे विकार पाहणारे एक डॉक्टर शहरात आहेत, एकदा त्यांस दाखवून यावे. पंतांनी अर्ज नामंजूर केला नाही आणि मंजूरही केला नाही. दिवाळी होऊ दे म्हणाले, आणि दिवाळी जाहली. मग गड्ड्याची जत्रा होऊ दे म्हणाले, आणि जत्रेतील शोभेचे दारूकामही उडून विझले. मग ऊन फार म्हणाले, आणि सोलापुरी उन्हास कोण नाही म्हणेल? मग पाऊस नाही, मग पाऊस फार, आणि मग पुन्हा दिवाळी आली. पुण्यास असणारे चिरंजीव आशिष यांनी फोनवरून कुमक पाठविली, तिचा मजकूर "बाबा, जाऊन या ना" एवढाच होता. पंतांनी ती एका वाराने कापिली. "तू दर आठवड्याला पासवर्ड विसरतोस. तू कुठल्या डॉक्टरकडे जातोस?"

ऐशा समयी, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरी, कार्तिक मासी, शहरात नवी फौज उतरल्याची वार्ता आली. एका संशोधन संस्थेने मसलत केली होती की, साठीपुढील माणसे म्हातारी होतात ती नेमकी कशी, चालतात किती, ऐकतात किती, मुठीत जोर किती आणि ध्यानात काय राहते, हे घरोघर जाऊन मोजावे, आणि दर दोन वर्षांनी पुन्हा मोजावे. चिठ्ठ्या टाकून घरे निवडली, घरटी एक ज्येष्ठ निवडला. या चिठ्ठ्यांत पंतांचे नाव निघाले, आणि समोरच्या दारी राहणाऱ्या आप्पांचेही निघाले.

आप्पा हे मूळचे वळसंगचे शेतकरी, वय बहात्तर, चिरंजीव दिग्विजय यांच्या घरी सपत्नीक मुक्कामास आलेले. त्यांची पाहणी आधी जाहली. पंतांस हे समजताच त्यांनी चहाचे निमित्त करून आप्पांस ओट्यावर बोलाविले, आणि शत्रूच्या गोटाची बातमी काढू लागले.

"लई सोपं हाय की मास्तर," आप्पा म्हणाले. "मूठ दाबायची, नळीत फुकायचं, जरा चालून दावायचं. आन् मग ती पोरगी धा शब्द वाचती. तिचं झालं की आपन म्हनायचं."

"कोणते दहा?"

आप्पांनी आभाळाकडे पाहिले. "घागर. मिरची. बैल... न्हाय, बैल तिचा न्हवं, त्यो माजाच."

इतक्यात समोरच्या खिडकीतून आप्पांच्या पत्नी बजाबाई यांनी तोफ डागिली. "ह्यास्नी चारच आले! मी आत भाकरी थापत हुते, मला समदे आले. घ्या लिवून मास्तर!"

आणि बजाबाईंनी खिडकीत उभे राहून सांगितले ते येणेप्रमाणे: घागर, मिरची, चादर, पायरी, कावळा, साबण, विहीर, घुंगरू, टपाल, लिंबू. पंतांनी ते उतरून घेतले. येथे नमूद करणे प्राप्त आहे की, भाकरी थापता थापता दहाही शब्द धरणाऱ्या या बाईंची नोंद संशोधनात कोठेही नाही, कारण त्या घरातून चिठ्ठी आप्पांची निघाली होती.

मग पंत तयारीस लागले. आठ दिवस घोकंपट्टी चालली. सकाळी फिरताना घागर ते कावळा, स्नानसमयी साबण ते लिंबू, आणि दुपारी उलट क्रमाने उजळणी. शब्दांची एक चिठ्ठी आरशावर लागली आणि दुसरी शर्टाच्या खिशात गेली. पहिल्या दिवशी सहा शब्द येत, चौथ्या दिवशी आठ, आणि आठव्या दिवशी दहा. हे साध्य व्हावयास जे कष्ट पडले ते पाहता शूर पुरुषानेही खाली मान घालावी. तेव्हा पंतांनी भर जेवणात फर्मान काढिले की, या पाहणीत दहापैकी दहा मिळाले म्हणजे डॉक्टरचा विषय कायमचा बंद, आणि मग तो या घरात कोणी काढू नये.

"आणि नाही मिळाले तर?" लीलाबाईंनी विचारले.

"मिळणार."

लीलाबाईंस मोठा पेच पडला. या पाहणीवर त्यांची सारी भिस्त होती. आपण सांगितले ते बायकोचे बोलणे ठरते, परंतु परक्या मुलीने यंत्रावर मोजून सांगितले तर ते विज्ञान ठरेल, आणि विज्ञानापुढे पंत नमतील, असा त्यांचा कयास होता. आता पंत फुटलेल्या पेपरावर पैकीच्या पैकी मिळविणार, आणि मग अठरा महिन्यांचा अर्ज निकालात निघणार. त्या मुलीस आधी फोन करून सावध करावे, ऐसे दोनदा मनात आले. दोनदा फोन हाती घेतला आणि दोनदा खाली ठेविला. चौतीस वर्षे ज्याने कॉपी पकडली, त्याचीच कॉपी बायकोने पकडून द्यावी, हे त्यांच्याने होईना.

मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, गुरुवार, सकाळी साडेदहा वाजता फौज दारी आली. फौज म्हणजे निवेदिता नामे सव्वीस वर्षांची एक मुलगी, पाठीस सॅक, हाती वजनकाटा, आणि सॅकेत रक्तदाबाचे यंत्र, मूठ मोजण्याचे यंत्र, फुंकण्याची नळी, मोजपट्टी आणि टॅब. तिने पाणी घेतले, चहास नंतर म्हणाली, आणि संमतिपत्र पुढे ठेविले. पंतांनी ते वीस मिनिटे वाचिले. त्यात मुठीचा जोर किलोत मोजू, ऐसे लिहिले होते. पंतांनी समासात टीप लिहिली की, किलो हे वस्तुमान, जोर न्यूटनमध्ये मोजावा, आणि मग सही केली.

"वर कळवते, सर," निवेदिता म्हणाली.

"कळवाच."

मग युद्धास तोंड लागले. लीलाबाई स्वयंपाकघराच्या दारात शेंगा फोडीत बसल्या. त्यांस ताकीद मिळाली होती की, बसण्यास हरकत नाही, परंतु उत्तर सुचवू नये. रक्तदाब जाहला. वजन जाहले. मग निवेदिताने सांगितले की, आता मी दहा शब्द वाचीन, नीट ऐका, माझे संपले की जेवढे आठवतील तेवढे सांगा, क्रम कसाही चालेल. पंतांनी डोळे मिटिले आणि बोटे गुडघ्यावर ठेविली, एका शब्दास एक बोट. ती दोन सेकंदांस एक या गतीने वाचू लागली.

"खुर्ची. नदी. कढई. शेळी. चष्मा. पाऊस. टोपी. कुलूप. हळद. आरसा."

लीलाबाईंच्या हातातील शेंग तशीच राहिली.

"सांगा, सर."

पंतांनी डोळे उघडिले, आणि खणखणीत आवाजात, न अडखळता, म्हणाले, "घागर, मिरची, चादर, पायरी, कावळा, साबण, विहीर, घुंगरू, टपाल, लिंबू." आणि दहावे बोट मिटून विजयी मुद्रेने लीलाबाईंकडे पाहिले.

निवेदिताच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. उत्तर बरोबर की चूक हे शब्दाने वा मुद्रेने कळू देऊ नये, हा तिच्या फौजेचा पहिला कायदा होता. तिने टॅबवर बोट टेकविले, आणि पुढे चला म्हणाली.

पुढील पंधरा मिनिटांत पंतांनी जो पराक्रम केला तो यथास्थित नोंदविला पाहिजे. मुठीचा जोर साडेसत्तावीस किलो, पंतांच्या हिशोबी दोनशे सत्तर न्यूटन. चार मीटर अंतर चार सेकंद आणि एक दशांशात तोडिले. एका पायावर अकरा सेकंद उभे राहिले. शंभरातून सात, मग त्यातून सात, ऐसे वजा करीत गेले आणि पाचव्या पायरीस थांबा म्हटले तरी नवव्यापर्यंत गेले, एकही चूक नाही. निवेदिता म्हणाली की, सर, पुरे. आणि मग ती म्हणाली की, मघाशी मी काही शब्द वाचले होते, त्यातले आता आठवतील ते सांगा.

"घागर," पंत म्हणाले, आणि तेथून लिंबापर्यंत पुन्हा गेले.

पाहणी संपली. निवेदिताने आभार मानिले आणि यंत्रे सॅकेत भरू लागली.

"किती?" पंतांनी विचारले.

"सांगता येत नाही, सर. नियम आहे."

"नको सांगू, मीच सांगतो. दहापैकी दहा. दोन्ही वेळा, आणि तेही क्रमाने. क्रमाचे तू मागितले नव्हतेस."

निवेदिताने रक्तदाबाच्या यंत्राची नळी गुंडाळिली, मग उलगडून पुन्हा गुंडाळिली. चौतीस वर्षांत पंतांनी परीक्षेच्या खोलीत काही हजार चेहरे वाचिले होते, आणि ती विद्या त्यांस अद्याप सोडून गेली नव्हती. त्यांनी बराच वेळ त्या मुलीकडे पाहिले.

"शब्द सगळ्यांना एकच असतात ना? समोर आप्पांना होते तेच?"

निवेदिता घुटमळली. मग निकाल सांगण्यास बंदी आहे, रीत सांगण्यास नाही, असे तिने ठरविले असावे. "नाही, सर. चार संच आहेत. कुणाला कुठला द्यायचा ते टॅब ठरवतो."

"चार संच!" पंत मोठ्याने हसले आणि मांडीवर थाप मारिली. कारण सन एकोणीसशे एकोणनव्वदात हायस्कुलाच्या चाचणी परीक्षेत अ, ब, क, ड ऐसे चार पेपर काढून शेजाऱ्याची कॉपी बंद करणारे मुत्सद्दी पंतच होते, आणि तो हुकूम शाळेच्या दप्तरी त्यांच्याच सहीने आहे. "वा! बरोबर आहे! मी तरी काय वेगळं केलं असतं!"

आणि मग हसणे थांबले. पंत तर्काचे माणूस होते, आणि तर्क एकदा सुटला म्हणजे मालकाचे ऐकत नाही. संच निराळा होता, तर शब्द निराळे होते. शब्द निराळे होते, तर ते याच खोलीत, याच मुलीने, त्यांच्यापासून चार हातांवर बसून, मोठ्याने वाचिले होते. पंतांनी आत शोधिले. तेथे घागर होती, कावळा होता, लिंबूही होते. दुसरे काही नव्हते.

"लीला," ते म्हणाले, "हिने कोणते शब्द वाचले?"

निवेदिताने टॅब बंद केला.

लीलाबाईंनी शेंगांची ताटली बाजूस ठेविली, आणि हळू, एकेक करून, सांगू लागल्या. प्रत्येक शब्दास पंत मान किंचित तिरकी करीत, जणू दूरच्या गावची खबर ऐकत आहेत.

"कुलूप पण होतं?"

"होतं."

"आणि आरसा?"

"शेवटचा."

"मी पहिल्यांदा ऐकतोय," पंत म्हणाले.

इतक्यात जाळीच्या दारातून आप्पांनी डोके आत घातले. "काय मास्तर, पास का?"

"नापास, आप्पा."

"आवो, त्यात काय! मला बी चारच आले हुते की."

"तुम्हाला चार आले," पंत म्हणाले. "ते चार तुम्ही ऐकले होते, आप्पा."

आप्पांस हे पुरते कळले नाही, परंतु काही तरी कळले. ते आत आले, आणि खुर्ची ओढून पंतांच्या शेजारी बसले. निवेदिता चहास नंतर म्हणाली होती, तो चहा लीलाबाईंनी टाकिला. तो उकळून, गाळून, चार कपांत पडून बाहेर येईतो साडेसहा मिनिटे गेली, आणि या काळात लीलाबाईंनी डॉक्टर हा शब्द उच्चारिला नाही, त्याबद्दल पतीकडे पाहिलेही नाही. अठरा महिन्यांत केलेल्या सर्व चढायांत हीच काय ती भारी पडली.

येणेप्रमाणे मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, गुरुवार, दोन प्रहरी बारा वाजून दहा मिनिटांनी मोहीम फत्ते जाहली. विजयी पक्ष मातुश्री लीलाबाई. लढाईचा अवधी अठरा महिने. जखमी एक, त्याने कप खाली ठेविला, खिशातील चिठ्ठी काढून चार घड्या घालून आप्पांच्या हाती दिली, आणि ज्या हुकमाची वाट पाहत दोन दिवाळ्या गेल्या तो स्वमुखे, सर्वांसमक्ष, दिला:

"लीला, उद्या त्या डॉक्टरांकडे जाऊ. स्कूटर नको, रिक्षा सांग. आणि तिथे तू आधी बोलू नकोस. काय काय विसरतो ते मी सांगेन. राहील तेवढं तू सांग."