पहिली सुई महाराजांची

एका जंगलात, बाळांनो, थंडी पडली की दरवर्षी फ्लू यायचा. अगदी न चुकता. त्या राज्यात वेळेवर येणारा तो एकटाच.

गेल्या थंडीत ठकूआजी सांबरीण त्यातून जेमतेम वाचली होती. दम्याची छाती तिची. आणखी एक फ्लू काही तिला झेपला नसता.

यंदा डॉक्टरीण साळूने लस तयार केली. तिच्या अंगावर काटेच काटे, त्यामुळे प्रत्येकाला नवी कोरी सुई. ती दरबारात म्हणाली, "आजच टोचायला लागू. लस अंगात मुरायला पंधरा दिवस लागतात. आणि साबणाने पंजे धुवा, शिंक आली तर कोपरात शिंका."

"उत्तम!" वाघमहाराज म्हणाले. "पण पहिला मान आमचा." मग त्यांची नजर काट्यावर गेली. तो चांगला लांब होता. "आणि मुहूर्त पाहून."

तरस प्रधानजींनी पंचांग काढलं. मुहूर्त पंधरा दिवसांनी निघाला. महाराजांना तो फार आवडला.

ठकूआजी पुढे आली. "महाराज, मला तेवढं आधी टोचू द्या. माझी छाती मुहूर्त बघत नाही."

"महाराजांच्या आधी?" प्रधानजी ओरडले. "रीतभात काही आहे की नाही?"

आजी मागे फिरली. संध्याकाळी मात्र तिने झाडामागे साळूपुढे खांदा केला. "टोच गं बाई. बोलू नकोस कुठे." साळूने टोचलं. नोकरी जायची वेळ होती, तरी टोचलं. मला ही साळू फार आवडते.

पंधरा दिवसांनी सोहळा झाला. सत्कारमूर्ती वीस आणि शाल एकच. एकाच्या खांद्यावर घालायची, टाळ्या वाजवायच्या, की काढून दुसऱ्याच्या खांद्यावर. मधेच महाराजांनी तिला नाक पुसलं. स्वच्छतेवर अस्वलाचं भाषण झालं. त्यात ते नऊ वेळा पुढच्या रांगेवर शिंकलं. साबणाची तर हळदकुंकू वाहून पूजा झाली. आता पूजेचा साबण वापरणार कोण?

शेवटी काटा पुढे आला. महाराजांना एकदम महत्त्वाचं काम आठवलं. महाराजांच्या आधी टोचून घ्यायची सोय नव्हती, म्हणून बाकीचेही जेवून घरी गेले. प्रधानजींनी अहवाल लिहिला: "शिबिर यशस्वी. टोचल्यामुळे एकालाही त्रास झाला नाही."

चौथ्या दिवशी सगळा दरबार अंथरुणात होता. ठकूआजी तेवढी तोंडाला फडकं बांधून घरोघर पेज पोचवत होती.

महाराज कण्हत म्हणाले, "म्हातारे, तू कशी गं धडधाकट?"

"खोटं कशाला बोलू, महाराज? मी टोचून घेतलं. तुमच्या आधी."

महाराज तापातही ताडकन उठून बसले. "प्रधानजी, लिहा! पुढच्या वर्षी उद्घाटनाला या बाईला अजिबात बोलवायचं नाही!"

"लई उपकार झाले, महाराज," आजी म्हणाली आणि खूर धुऊन घरी गेली.

तात्पर्य: फ्लू टाळायचा असेल, तर वेळेवर लस घ्यावी. लसच टाळायची असेल, तर तिचं थाटात उद्घाटन करावं.